दहा दिवसांचा खोकला

संसर्गजन्य रोगाची नुसती शंका आली, तरी ती ताबडतोब कळवणं हे नर्सचं पहिलं कर्तव्य आहे. कारण रोग आणि समाज यांच्या मधोमध ती एकटी उभी असते.

हे वाक्य माझंच आहे. कावासाकीत आमच्या वॉर्डाच्या सभागृहात परदेशी रहिवाशांसाठी आरोग्याचा कार्यक्रम होता. तिथे मी ते आधी जपानीत आणि मग मराठीत म्हटलं. समोर चौदा माणसं होती, त्यांतली सहा आयोजक. मराठी कळणारा एकच होता, माझा नवरा, आणि तो फोटो काढत होता. 'मधोमध एकटी' म्हणताना मी उजवा हात किंचित वर केला होता, हे त्या फोटोमुळे मला नाकारता येत नाही.

मी पुण्यात सहा वर्षं नर्स होते. नवऱ्याच्या कंपनीने त्याला इकडे पाठवलं तेव्हा मीही आले. जपानी शिकण्यात चार वर्षं गेली, इथली नर्सची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली, आणि स्टेशनजवळच्या एका लहान दवाखान्यात मला नोकरी मिळाली. दवाखान्यात एक म्हातारे डॉक्टर, ज्यांना सगळे सेन्सेई म्हणतात, एक मुख्य नर्स, काउंटरवर एक बाई, आणि मी. आसपासच्या मराठी कुटुंबांमध्ये माझा भाव एकदम वधारला. कुणाच्या मुलाला ताप, कुणाला पित्त, की फोन मला. मला ते आवडायचं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर डॉक्टरांना दाखवा, असं सांगणारं एक पत्रक मी मराठीत करून दिलं होतं. ते आमच्या दवाखान्याच्या दारापाशी ठेवलेलं असे. वर्षभरात त्या गठ्ठ्यातलं एक पत्रक कमी झालं. ते मीच आईला दाखवायला नेलं होतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं बाळंतपण होतं. नवरा-बायको दोघंही आयटीत. बाळंतपणासाठी तिची आई पुण्याहून आली, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणायचो. काकू उतरल्या त्या डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ आणि बाळाच्या मालिशचं तेल घेऊन. कस्टमच्या माणसाने अळीव हुंगून पाहिले म्हणे. शेक-शेगडीचा बेत फ्लॅटमधल्या धुराच्या अलार्मने पहिल्याच सकाळी हाणून पाडला. बाकी सगळं रीतीप्रमाणे सुरू होतं. बाळाला रोज सकाळी पाय लांब करून पायांवर घ्यायचं, तेल चोळायचं, न्हाऊ घालायचं. इथल्या बाथरूममध्ये बसायला पाट नसतो, म्हणून काकूंनी प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल शोधून काढलं. त्या शेजारणींच्या बाळांनाही न्हाऊ घालायला तयार होत्या.

आल्यानंतर आठवडाभरातच त्यांना खोकला लागला. थंडी बाधली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

संक्रांतीनंतरच्या रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. परदेशात हळदीकुंकू हा फार गंभीर मामला असतो. पुण्यात जी बाई कधी कुणाकडे फिरकली नसती, ती इथे नथ घालून तीन गाड्या बदलून येते. माझ्याकडे अठरा जणी आल्या. योकोहामाहूनसुद्धा दोघी आल्या, आणि हे मी त्यानंतर बऱ्याच जणींना सांगितलं. तिळाचे लाडू काकूंनी वळले होते. त्या सोफ्याच्या कोपऱ्यात बसून प्रत्येकीच्या हातावर लाडू ठेवत होत्या आणि मधूनमधून पदराआड खोकत होत्या.

"काकू, खोकला अजून मुक्कामाला आहे वाटतं?" कुणीतरी विचारलं.

"अगं, त्याचाही व्हिसा नव्वद दिवसांचाच आहे," काकू म्हणाल्या. "माझ्याबरोबरच परत जायचाय तो."

सगळ्या हसल्या. मी हसले, आणि हसता हसता माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. आल्या तेव्हा मनगटात घट्ट बसलेल्या बांगड्या आता कोपरापर्यंत घसरत होत्या. ब्लाउज पाठीकडून सेफ्टी पिनांनी आत घेतलेला होता. हीटर चालू असून त्यांनी शाल गुंडाळली होती, आणि दुपारचे चार वाजत होते. पुण्यातल्या वॉर्डात या वेळेला थर्मामीटर घेऊन फिरणं हे माझं सहा वर्षांचं काम. माझ्यातली नर्स उठून उभी राहिली. माझ्यातली यजमानीण तिला म्हणाली, बस खाली, अजून कॉफी द्यायचीय.

दोन दिवसांनी, मंगळवारी, मुलीने आईला दवाखान्यात आणलं. नवीन पेशंटला इथे आधी एक प्रश्नावली भरावी लागते. जपानी न येणाऱ्यांची ती मी विचारून विचारून भरते, आणि सेन्सेई तिच्यावर विसंबतात. नव्वदीच्या घरातल्या जपानी आजोबांच्या प्रश्नावलीवर विसंबतात तसेच.

"खोकला कधीपासून?" मी विचारलं.

"ताई, ऐका ना," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. आमचं मराठी तिथे कुणालाही कळत नव्हतं, तरी तिने आवाज खाली आणला. "दोन महिने नका लिहू. दहा दिवस लिहा."

"दहा?"

"इथे एकदा कागदावर आलं की सोडत नाहीत हो. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाला नुसता काविळीचा संशय आला तर पंधरा दिवस ठेवून घेतलं. आईचं तिकीट अकरा दिवसांवर आलंय. बाबा तिकडे एकटे, वरण-भात खाऊन राहिलेत. पुण्यात गेली की पहिल्या दिवशी दाखवतोच आहोत. प्लीज ताई."

"ताप येतो का काकू? वजन?"

"संध्याकाळची जरा कणकण असते," काकू म्हणाल्या. "आणि वजन म्हणशील तर बाळंतीण ही, आणि उतरले मी! लिही गं काय लिहायचं ते. खोकलाच आहे, खून नाही केला."

प्रश्नावलीत 'लक्षणं कधीपासून' याच्यापुढे एक रिकामी जागा असते आणि तिच्यापुढे 'दिवसांपूर्वी' असं छापलेलं असतं. मी त्या जागेत १० लिहिलं. ताप: नाही. वजनात घट: नाही.

मला त्या मुलीची दया आली, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. दया आलीही होती. पण पेन हातात असताना माझ्या डोक्यात जे होतं ते दयेपेक्षा बरंच क्षुद्र होतं. दोन महिने लिहिलं की एक्स-रे. एक्स-रेत काही निघालं की आरोग्य केंद्र, म्हणजे होकेन्जो. आणि होकेन्जोची माणसं आली की त्यांचा पहिला प्रश्न असणार: या कुठे कुठे गेल्या होत्या, कुणाबरोबर बसल्या होत्या? मग मला अठरा बायकांची नावं द्यावी लागणार, त्यांच्या रक्ताच्या तपासण्या होणार, आणि यापुढे कितीतरी वर्षं माझं नाव 'जिच्याकडच्या हळदीकुंकवात टीबी झाला ती' असं राहणार. रोग आणि समाज यांच्या मधोमध मी उभी होते हे खरं. तोंड फक्त समाजाकडे होतं.

सेन्सेईंनी कागद वाचला. "दहा दिवस," ते म्हणाले, आणि छाती तपासली. "इथल्या कोरड्या हवेची सवय नसणार." मी ते मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "देवमाणूस आहेत हो." मी ते जपानीत सांगितलं. सेन्सेई कानापर्यंत लाल झाले. सात दिवसांच्या पुड्या मिळाल्या. एक्स-रेची खोली चार पावलांवर होती.

आमचा दवाखाना गुरुवारी बंद असतो. त्या गुरुवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले, पुड्या नीट घेतल्या जातात का ते बघायला, असं म्हणून. काकू बाथरूममध्ये स्टुलावर बसल्या होत्या. बाळ पायांवर पालथं होतं. त्यांनी त्याला उताणं केलं, चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि खोकल्याची उबळ आली. दोन्ही हात बाळाला धरण्यात गुंतलेले. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण मान वळेपर्यंत खोकला बाहेर पडला होता. बाळाचं तोंड त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. ते हसत होतं. मग काकूंनी खांद्यावरच्या टॉवेलला तोंड पुसलं. टॉवेलवर चणाडाळीएवढा लाल डाग पडला.

"काकू, हे काय?"

त्यांनी टॉवेल बघितला. "पान तर नाही खाल्लं मी," त्या म्हणाल्या. "इथे मिळतंय कुठे?" पण या वेळी त्या स्वतः हसल्या नाहीत.

मी बाळ उचललं, पंच्यात गुंडाळलं आणि बाहेरच्या खोलीत मुलीकडे दिलं.

"याला बीसीजी दिलंय?"

"दिलं असेल ना. जन्मल्यावर देतातच की हॉस्पिटलमध्ये."

"आपल्याकडे देतात. इथे पाच महिने झाल्यावर देतात."

तिचं बाळ दोन महिन्यांचं होतं. तिने कॅलेंडरकडे पाहिलं, बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, आणि मग एक प्रश्न विचारला.

"ताई, तुम्हाला हे मंगळवारी माहीत होतं?"

मला माहीत होतं. इथल्या लसींचं वेळापत्रक मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याच सभागृहातल्या भाषणात त्यावर एक अख्खी स्लाइडसुद्धा होती.

"हो," मी म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मी काकूंना वेगळ्या खोलीत ठेवायला, मास्क लावायला आणि खिडकी उघडायला सांगितलं. आतून काकूंचा आवाज आला, "अगं, त्याच्या कानात पाणी राहिलंय, पुसून घ्या." सेन्सेईंच्या घरचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. गुरुवारी ते मासे धरायला जातात, उगाच त्रास कशाला, असं म्हणून मी तो लावला नाही. आणखी एक दिवस असा गेला. तो मी कुठल्याच फॉर्मवर लिहिलेला नाही, म्हणून इथे लिहिते.

शुक्रवारी सकाळी मी पाऊण तास आधी गेले आणि मुख्य नर्सला सांगितलं की मंगळवारच्या प्रश्नावलीत मी चुकीचं लिहिलं, खोकला दोन महिन्यांचा आहे आणि काल रक्त पडलं. तिने क्षणभर डोळे मिटले. सेन्सेई आल्या आल्या तिने त्यांना सांगितलं, काकूंना बोलावून घेतलं गेलं, आणि मग तिने कपाटातून एक फॉर्म काढला. जपानमध्ये प्रत्येक चुकीसाठी फॉर्म असतो आणि प्रत्येक फॉर्ममध्ये चुकीच्या कारणांच्या चौकटी असतात. विसर. घाई. थकवा. अनुभवाचा अभाव. भाषेमुळे गैरसमज. माहीत असून खोटं लिहिलं, अशी चौकट नव्हती.

मुख्य नर्सने माझ्याकडे न बघता 'भाषेमुळे गैरसमज' याच्यासमोर खूण केली. "होतं असं," ती म्हणाली. "परकी भाषा अवघडच असते."

काकू आणि मी दोघी पुण्याच्या एकाच पेठेतल्या. आमच्यात परकी भाषा कुठली असेल तर ती शेजारच्या पेठेतली. तरी मी खिशातून सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का काढला आणि उमटवला. खोटं लिहिण्यापेक्षाही हा शिक्का मला जास्त खुपतो. पहिल्या वेळी निदान कुणीतरी विनवण्या केल्या होत्या. या वेळी मला नुसतं दार उघडून दिलं गेलं आणि मी बाहेर पडले.

एक्स-रेकडे सेन्सेई फार वेळ बघत बसले नाहीत. काकूंना त्याच दुपारी मोठ्या हॉस्पिटलात नेलं, थुंकीची तपासणी झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी होकेन्जोला कळवलं. पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते राखून ठेवायचा मला हक्क नाही. बाळाला लागण झालेली आढळली नाही. त्याला सहा महिने रोज औषध द्यावं लागलं, आणि रोज सकाळी ते तोंडातून परत बाहेर काढायचा त्याने पुरेपूर प्रयत्न केला. काकू दोन महिने एका वेगळ्या खोलीत होत्या आणि बऱ्या झाल्या. अठरा बायकांपैकी कुणालाही काही झालं नाही. त्यांच्यातल्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. योकोहामाच्या नव्हेत, माझ्याच इमारतीतल्या.

शनिवारी होकेन्जोची बाई हॉस्पिटलात आली. ती माझ्याच वयाची, शिक्षणाने नर्सच, पण आता सरकारी कामावर. काकू काचेपलीकडे पलंगावर बसल्या होत्या, मास्क लावून. मध्ये बोलायला फोनसारखं यंत्र. दुभाषी म्हणून हॉस्पिटलने मलाच बोलावलं होतं. शहरात शनिवारी मराठीचा दुसरा दुभाषी मिळेना. मुलगी घरी बाळाजवळ होती. म्हणजे त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारी मी एकटीच.

बाईने खोकल्याची सुरुवात विचारली. मी विचारलं.

"दिवाळी झाली, मी इकडे आले, त्यानंतर आठ दिवसांत," काकू म्हणाल्या. मी सांगितलं.

"मग मंगळवारच्या नोंदीत दहा दिवस कसे?" बाईने आवाज न चढवता विचारलं. तिच्या हातात आमच्या दवाखान्याच्या फॉर्मची प्रत होती, माझ्या शिक्क्यासकट.

मी तो प्रश्न काकूंना विचारला.

"अगं, माझ्या लेकीनेच विनवलं ना तुला, दहा लिहा म्हणून," काकू म्हणाल्या. "तू आधी नाहीच म्हणत होतीस. चांगली आहेस म्हणून लिहिलंस. पण हे त्या बाईला नको सांगूस हो. तुझी नोकरी जायची. सांग, म्हातारीला आठवत नव्हतं."

मी नाही म्हणत नव्हते. मी 'दहा?' एवढंच म्हटलं होतं. ते काकूंनी माझ्या बाजूने मोजलं होतं.

बाई पेन धरून थांबली होती. काकूंनी काचेपलीकडून मान हलवली: सांग की. त्या क्षणी माझ्यासमोर दोन वाक्यं होती, दोन्ही जपानीत तयार. पहिलं छोटं होतं आणि व्याकरणालाही सोपं होतं.

"त्या म्हणताहेत," मी म्हटलं, "की मुलीने विनवणी केली आणि म्हणून नर्सने मुद्दाम दहा लिहिलं. हे तुम्हाला सांगू नये, असंही त्या म्हणताहेत. वाटलं तर त्यांना आठवत नव्हतं असं सांग, म्हणताहेत."

"नर्स म्हणजे?"

"मी. भाषेमुळे गैरसमज झाला, हे खरं नाही. तो शिक्का माझा आहे."

तिने लिहायचं थांबवलं. काचेपलीकडे काकूंना शब्द कळले नाहीत, पण माझा चेहरा कळला असावा. त्यांनी कपाळावर हात मारला. "सांगितलंस वाटतं," त्या म्हणाल्या. "अगदीच गं तू." नंतर यंत्राच्या जवळ येऊन, "बाळाचं औषध कडू आहे का विचार तिला."

मी विचारलं. कडू नव्हतं.

पिशवीत माझा राजीनामा होता, शुक्रवारीच लिहून ठेवलेला, दोन मसुद्यांनंतरचा आणि दुसऱ्या मसुद्यात जरा जास्तच सुंदर झालेला. मी बाईला विचारलं की संशयित रुग्णाची बाब नर्सने दडवली तर कायद्यात काय शिक्षा आहे. मला ते ऐकायचंच होतं. दोन वाक्यांचं का होईना, कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवावं, असं वाटत होतं.

तिने विचार केला. मग फाईल उघडली, आतली पुस्तिका काढली आणि एका पानावर बोट ठेवून खाली खाली नेलं. ती मन लावून शोधत होती, मला मदत करावी म्हणून.

"कळवण्याचं कर्तव्य डॉक्टरांचं आहे," ती शेवटी म्हणाली. "नर्सचं म्हणून वेगळं इथे काही दिसत नाही."

"मग माझं नाव नोंदीत तरी घ्या."

तिने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. नर्ससाठी चौकट नव्हती. माझं नाव तिने 'दुभाषी' या चौकटीत लिहिलं.